चौतीस मिलिमीटर

माझी मावशी चार फूट नऊ इंच उंच. "उरलेल्या कापडातून शिवलंय मला," असं ती स्वतःच सांगायची. माझी आई तिच्याहून सात वर्षांनी मोठी आणि चांगली वीतभर उंच. दोघी शेजारी चालत असल्या की नवख्या माणसाला मायलेकी वाटत. आई तिला "धाकटे" म्हणून हाक मारायची आणि आमच्या घरात तिचं तेच नाव पडलं होतं. मीच काय ती मावशी म्हणायचे.

तीस वर्षं तिनं एकाच सरकारी इस्पितळात नर्स म्हणून नोकरी केली. त्यातली बहुतेक तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच वॉर्डात गेली. चोवीस खाटा, कमरेपर्यंत हिरव्या आणि वर पांढऱ्या भिंती, टोकाला नर्सचं टेबल आणि त्याच्या मागे औषधांचं कपाट. खाटा लोखंडी होत्या. पायथ्याचं हँडल फिरवलं की खाट वरखाली व्हावी अशी मूळची सोय होती, पण निम्मी हँडलं गंजून बसली होती आणि उरलेली कुणीतरी काढून नेली होती. त्यामुळे सगळ्या खाटा कायमच्या उंच राहिल्या. झाडू मारणाऱ्यांना ते बरंच पडायचं. इतर नर्सच्या कमरेला लागणारी खाट मावशीच्या मात्र कमरेच्याही वर यायची.

एखाद्या रुग्णाचं हृदय बंद पडलं की डॉक्टर येईपर्यंत, आणि आल्यावरही, कुणीतरी त्याची छाती दाबत राहावं लागतं. तळहातावर तळहात ठेवायचा, छातीच्या मधोमध, आणि मिनिटाला शंभराहून जास्त वेळा दाबायचं. जो जवळ असेल त्यानं सुरू करायचं. मावशी नेहमी जवळ असायची. बाकीच्यांना कळायच्या आत तिला कळायचं, कारण ती कानांनी वॉर्ड सांभाळायची. कुणाचा श्वास बदलला की हातातलं टाकून निघायची. खाटेपाशी पोचली की चवड्यांवर उभी राहायची, टाचा वर, पोट खाटेच्या कडेला टेकलेलं, आणि सुरू करायची. तोंडानं मोठ्यांदा आकडे मोजायची. दोन मिनिटांनी दुसऱ्याला जागा द्यायची असते, पण ती कुणी ओढून काढल्याशिवाय हलत नसे. वॉर्डात तिला चवडेबाई म्हणायचे. त्यात थट्टा थोडी आणि कौतुक जास्त. नव्या नर्सना सांगितलं जाई, "छाती दाबणं बघायचं असेल तर चवडेबाईंचं बघा."

माझे बाबा तिच्याच वॉर्डात वारले. मी अकरा वर्षांची होते.

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायला होते. दिवसभर लोकांच्या अंगणात आणि जिन्यांखाली वाकून आकडे टिपायचे. एका मंगळवारी छातीत जळजळतंय म्हणून घरी लवकर आले. मावशीनं हट्ट धरून त्यांना आपल्याच वॉर्डात दाखल करून घेतलं. "भावोजी माझ्या डोळ्यांसमोर राहू देत, ताई," ती आईला म्हणाली. अकरा नंबरची खाट होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आई त्यांच्यासाठी गरम पाणी आणायला गेली आणि परत येते तो खाटेभोवती पडदा ओढलेला.

त्या पडद्याच्या आत काय झालं ते आईनं पाहिलं नाही. डॉक्टर खालच्या मजल्यावर दुसऱ्या रुग्णापाशी अडकले होते. एक नर्स बाबांच्या तोंडावर मास्क धरून श्वासाचा फुगा दाबत होती आणि छातीवर मावशी होती. सहा मिनिटं ती एकटीच होती, मग डॉक्टर आले, इतर आले, आळीपाळीनं अर्धा तास चाललं. आई गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून बाहेर उभी होती. पडदा जमिनीपर्यंत पोचत नव्हता. खालच्या फटीतून तिला आपल्या बहिणीचे पांढरे बूट दिसत होते. टाचा उचललेल्या. सहा मिनिटं त्या टाचा खाली टेकल्या नाहीत.

पुढे आई कितीही खचली तरी हे एक सांगायची. शेजारणींना सांगायची, शाळेत सांगायची (ती एका शाळेच्या कार्यालयात कारकून होती), मलाही सांगायची. "धाकटीनं काही बाकी ठेवलं नाही गं. मी डोळ्यांनी पाहिलंय. टाचा टेकल्या नाहीत तिनं." लोकांचं माणूस जातं तेव्हा मनात किडा राहतो, वेळेवर नेलं असतं तर, दुसरा डॉक्टर असता तर. आईच्या मनात तो नव्हता. बाबांना वाचवायला जे करता येण्यासारखं होतं ते झालं होतं, आणि तिच्या सख्ख्या बहिणीनं केलं होतं. त्या भरवशावर तिनं चौदा वर्षं काढली.

चौदा वर्षांनी त्या इस्पितळात भूल देणाऱ्या एक डॉक्टर बदलून आल्या. ताडमाड उंच, बोलायला मऊ. छाती दाबताना माणूस कसा उभा राहतो यावर त्या अभ्यास करत होत्या. जमिनीवर उभं राहून, पायाखाली स्टूल घेऊन, आणि सरळ खाटेवर चढून गुडघे टेकून, अशा तीन तऱ्हांनी दाबलं तर छाती किती खाली जाते, हे त्यांना मोजायचं होतं. जुन्या चादरींच्या खोलीत त्यांनी एक खाट लावली, वर वॉर्डातलीच गादी, आणि गादीवर रबराचा पुतळा. पुतळ्याच्या छातीत मोजणारं यंत्र होतं. शेजारच्या पडद्यावर दर दाबाला एक रेघ उमटायची. छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली गेली तर रक्त मेंदूपर्यंत पोचतं. रेघ त्या पट्ट्यात आली की हिरवी, नाही आली की लाल.

चाळीस जणांना बोलावलं होतं. मावशीला सगळ्यांनी आधी पुढे केलं. "आधी चवडेबाई, म्हणजे बाकीच्यांना कळेल कसं करतात ते."

मावशी नेहमीसारखी उभी राहिली. टाचा वर, आणि मोठ्यांदा आकडे. पहिली रेघ लाल आली. दुसरी लाल. ती आकडे मोजत राहिली आणि पडदा लाल होत गेला. चाळीसाव्या सेकंदानंतर रेघा आणखी आखूड झाल्या. दोन मिनिटं संपली तेव्हा एकही रेघ हिरवी नव्हती.

"यंत्र बिघडलंय," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी यंत्र तपासलं. वॉर्डातला एक पुरुष नर्स होता, सहा फुटी, त्याला सगळे खांब म्हणायचे. त्याला उभं केलं. सगळ्या रेघा हिरव्या. यंत्र ठीक होतं.

मावशीनं परत केलं. मग स्टुलावर उभी राहून केलं, मग खाटेवर चढून, पुतळ्याच्या कुशीशी गुडघे टेकून. डॉक्टरांनी तिच्या हातात कागद दिला. जमिनीवरून सरासरी चौतीस मिलिमीटर. स्टुलावरून अठ्ठेचाळीस. खाटेवरून त्रेपन्न.

"बघा ना, तुमची ताकद उत्तम आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. "फक्त उंची कमी पडते. खांदे हातांच्या बरोबर वर यायला हवेत, म्हणजे सगळं वजन सरळ खाली जातं. तुम्ही खालून दाबता, तेव्हा कोपर वाकतं आणि नुसत्या दंडांनी ढकलावं लागतं. त्यात गादी दबते ती वेगळीच. खाटेवर चढलात की प्रश्नच मिटला."

मावशी कागदाकडे बघत होती. "मग आधीचे?" तिनं विचारलं.

"आधीचे कोण?"

"आधी ज्यांची दाबली ते."

डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी खुर्ची ओढून तिला बसवलं आणि समजावलं. इस्पितळात हृदय बंद पडलेली बहुतेक माणसं काहीही केलं तरी जातात, मुळात ती तेवढी आजारी असतात. पुतळा म्हणजे माणूस नव्हे. असा मागचा हिशोब कुणाला लावता येत नाही.

"बहुतेक जातात," मावशी म्हणाली. "पण काही वाचले असते?"

डॉक्टर खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "काही, कदाचित. कोण, ते कुणालाच सांगता येणार नाही."

हे सगळं मावशीनंच मला नंतर सांगितलं. मला वाटतं त्या शेवटच्या वाक्यानं तिचा घात केला. कोण ते माहीत असतं तर ती एकासाठी रडली असती. आता तिला सगळेच आठवायला लागले. ती माणसांना खाटेच्या आकड्यानं लक्षात ठेवायची. चार नंबरचे पोस्टमास्तर. सतरा नंबरची, जिची मुलगी परीक्षेच्या पेपराला गेली होती. भाजी निवडता निवडता मध्येच म्हणायची, "वीस नंबरच्याचे डोळे उघडले होते गं एकदा. मी दाबत असताना उघडले आणि परत मिटले."

आईला सांगू नकोस, असं मी तिला म्हणायला हवं होतं. मला सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी तिनं ऐकलं असतं असं नाही, कारण तिच्या पोटात आजवर काही राहिलेलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती आमच्याकडे आली. आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होती, मी समोर बसले होते. मावशीनं पर्समधून तो कागद काढून टेबलावर पसरला आणि घडीवर हात फिरवला.

"ताई, हे बघ."

आईनं चष्मा लावला. "कसला कागद हा?"

"माझा. छाती दाबण्याचा. ही रेघ इथपर्यंत यायला हवी. ही इथेच राहिली."

"बरं, मग?"

"मी कायम अशीच दाबत होते, ताई. सत्तावीस वर्षं. टाचा वर करून."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. मावशी बोलत सुटली. कोपर, खांदे, गादी, सगळं. आईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. मावशीचं संपल्यावर ती कागदाकडे बघतच म्हणाली, "म्हणजे त्याचीही तशीच."

"हो."

"सहा मिनिटं."

"हो, ताई."

मग आईनं एकच विचारलं, आणि आवाज न चढवता विचारलं. "वॉर्डात स्टूल नव्हतं का?"

मावशीनं मान खाली घातली. "होतं. पाण्याच्या पिंपाखाली ठेवलेलं."

"किती लांब?"

"आठ-दहा पावलं. कुणाला कधी सुचलंच नाही."

आईनं ती शेंग सोलली. दाणे वाटीत टाकले. "हे मला कशाला सांगितलंस, धाकटे?" ती म्हणाली. "तुझं तुझ्यापाशी ठेवायचंस. माझ्याकडे तेवढं एकच होतं."

मावशी रडली. आई रडली नाही. तिनं उठून मावशीसमोर पाणी ठेवलं, पाठीवरून हात फिरवला, "तुझा काय दोष" वगैरे जे म्हणायचं असतं ते म्हणाली. संध्याकाळी तिला कोपऱ्यापर्यंत सोडूनही आली. परत आल्यावर मटार तसेच उघडे ठेवून झोपायच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून टाचांची गोष्ट मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही.

मला राग आला होता. मावशीवर नव्हे, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे थोडा तिच्यावरच होता.

मावशीनं मग वॉर्डात स्टुलांचा ध्यास घेतला. दर सहा खाटांमागे एक स्टूल हवं म्हणून अर्ज केला. भांडारात खेटे घातले. तिथल्या माणसानं "बाई, बसायला हवं का?" असं विचारलं, तेव्हा तिनं त्याच्यासमोर टेबलावर हात दाबून दाखवला. शेवटी दोन स्टुलं आली. एक नातेवाईकांनी बसायला ओढून नेलं. दुसरं तिनं औषधांच्या कपाटाला साखळीनं बांधलं, आणि वरिष्ठांनी ती साखळी काढायला लावली. ती रोज कामावर चढली की आधी स्टूल कुठे आहे ते बघायची.

तीनेक महिन्यांनी नऊ नंबरच्या बाईंचं हृदय थांबलं. पूर्वी शिवणकाम करायच्या त्या, साठीच्या. दुपारचे तीन वाजले होते, वॉर्डात भरपूर माणसं होती, भूल देणाऱ्या डॉक्टरही नेमक्या जवळच होत्या. मावशीनं बूट काढले आणि सरळ खाटेवर चढली. बाईंच्या कुशीशी गुडघे टेकले, खांदे हातांच्या वर आणले, कोपर ताठ. दोन मिनिटं झाली की खाली उतरायची, तो सहा फुटी खांब छाती दाबायचा, पुन्हा दोन मिनिटांनी ती चढायची. तिच्या हाताखाली बरगडी मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तसं होतं, योग्य दाबलं की होतंच बऱ्याचदा. डॉक्टर शेजारून म्हणत होत्या, "अगदी बरोबर. असंच. सोडताना पूर्ण सोडा." मध्यंतरी बाईंच्या मांडीच्या शिरेत दर दाबागणिक ठोका हाताला लागत होता, म्हणजे रक्त फिरत होतं. चाळीस मिनिटं चाललं.

बाई गेल्या.

"तुम्ही आज केलंत त्याहून चांगलं कुणी करू शकत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मावशी खाटेच्या कडेला गुडघे चोळत बसली होती. "मग काय उपयोग झाला?" ती म्हणाली. मला सांगताना मावशी म्हणाली, "मला वाटलं होतं एक तरी उठेल. निदान एक. मग मला कळलं असतं." काय कळलं असतं, ते तिनं सांगितलं नाही. बरोबर दाबूनही बाई गेल्या म्हणजे आधीचेही गेलेच असते, असं तिला मी म्हणून पाहिलं. तिनं मान हलवली. एकीवरून बाकीच्यांचं ठरत नाही, म्हणाली. डॉक्टरांनी शिकवलेलं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्यानंतरच्या वेळी तिचे हात चालले नाहीत. चौदा नंबरचा, पस्तिशीतला माणूस. तीच आधी पोचली. खाटेशी उभी राहिली, एकदा स्टुलाकडे पाहिलं, एकदा खाटेकडे. चढावं की स्टूल आणावं की आहे तिथूनच सुरू करावं. खांब वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून धावत आला आणि त्यानं तिला बाजूला सारलं. "बाई, सुरू तरी करायचं," तो म्हणाला. पंधरा सेकंद गेले असतील, तिच्या मते वीस. त्या माणसाचं हृदय परत चालू झालं, पण तो शुद्धीवर आला नाही आणि आठवड्यानं गेला. कुणी तिला दोष दिला नाही, तक्रार झाली नाही. तिनंच दुसऱ्या दिवशी वॉर्डातून बदली मागितली.

तिला बाहेरच्या रुग्णांच्या विभागात वजनकाट्यापाशी बसवलं. दिवसभर माणसं काट्यावर चढायची, ती आकडा बघून कागदावर लिहायची. दोन वर्षं तिनं ते केलं आणि मुदतीआधी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी वॉर्डातली मंडळी हार घेऊन खाली आली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरही आल्या आणि म्हणाल्या, अभ्यासाचा अहवाल छापून आला, आता सगळ्या वॉर्डांत स्टुलं येणार, हे तुमच्यासारख्यांमुळे झालं. मावशी हसली. तो अहवाल तिनं घरी आणला, पण उघडलेला मी पाहिला नाही.

ती आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून दोन खोल्यांत राहते. गुडघे गेलेत. खालच्या मजल्यावर कुणी जोरात दार आपटलं की दचकून उठून उभी राहते आणि मग बसते. आई दर गुरुवारी तिच्याकडे डबा घेऊन जाते. दोघी तासभर बसतात. औषधं, पाण्याची वेळ, समोरच्या इमारतीचं रंगकाम, असं बोलतात. मी बरोबर असले की मला ते बोलणं ऐकवत नाही. चांगल्या वागतात एकमेकींशी, पाहुण्यांशी वागावं तशा.

मागच्या महिन्यात असंच परत आल्यावर मी आईला विचारलं, "तू तिला माफ केलं नाहीस ना?"

"तिनं वाईट केलं असतं तर माफ केलं असतं," आई म्हणाली. "तिनं जिवाचं रान केलं होतं. त्याला माफ कसं करायचं असतं?"

"मग तिच्याशी बाबांबद्दल का बोलत नाहीस? आधी सारखं बोलायचात."

आई डब्याची झाकणं वेगळी करत होती. "त्याचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरतो. मग मी रंगकामाचं काढते." थोड्या वेळानं म्हणाली, "आम्ही दोघी बसलो की तो असायचा गं. तिला नुसतं 'आठवतं का' म्हटलं की पुरायचं. दुसरं कोण होतं मला त्याच्याबद्दल बोलायला?"

"मी आहे की. मला सांग."

"तू अकराची होतीस. तुला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

"सांग पहिल्यापासून."

मी फारच मागे लागले तेव्हा ती बसली. बाबा एकदा मीटर वाचायला एका घरी गेले आणि आतल्या म्हातारीनं त्यांना आपला जावई समजून जेवायलाच बसवलं, अशी ती गोष्ट होती. आई सांगता सांगता हसायला लागली होती. मग तिला अडलं. ते घर कुठलं आणि खरा जावई आल्यावर बाबा काय म्हणाले, ते तिला काही केल्या आठवेना. तिनं दोन-तीनदा मागून सुरुवात करून पाहिली.

"हसण्यासारखं होतं ते," ती म्हणाली. "धाकटीला माहीत असेल."

"मग विचार तिला गुरुवारी."

आई उठली आणि डबे घासायला घेतले.